लिनक्समध्ये 'काय काय इन्स्टॉल आहे' याची वही कुठे ठेवायची? /व्हार की /यूएसआर?

समजा, नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात एका घरी जुना कॉम्प्युटर आहे. विंडोज फार हळू चालायला लागलं म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं. दहावीतली मुलगी त्यावर अभ्यास करते, वडील ऑनलाइन फॉर्म भरतात. एके दिवशी अपडेट चालू असताना लाईट गेली. यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, ब्राउझर उघडला, सगळं जागच्या जागी दिसलं. पण नवीन काही इन्स्टॉल करायला गेलं की मेसेज येतो: पॅकेज मॅनेजरचं काम मध्येच तुटलं आहे, आधी ते दुरुस्त करा.

सगळे प्रोग्राम चालू आहेत, मग बिघडलं काय? बिघडली ती नोंद. कोणतं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर आहे, त्याची आवृत्ती कोणती, त्याच्या फाइल्स कुठे आहेत, हे सगळं लिनक्स एका वहीत लिहून ठेवतं. या वहीला म्हणतात पॅकेज मॅनेजमेंट डेटाबेस. ही वही डिस्कवर नेमकी कुठे ठेवावी, यावर लिनक्स बनवणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं चर्चा झाली आहे आणि अलीकडे काहींनी तिची जागा बदललीही आहे.

(या लेखात फोल्डरांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर ती रोमन लिपीतच दिसतील आणि तशीच टाईप करावी लागतील.)

थोडक्यात सांगायचं तर

- जुनी रीत: वही /व्हार/लिब या फोल्डरात ठेवायची. डेबियन, उबंटू, मिंट, आर्च आजही असंच करतात.
- नवी रीत: वही /यूएसआर/लिब/सिसइमेज मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे असतात त्यांच्या शेजारी ठेवायची. ओपनसुसे आणि फेडोरा असं करतात.
- कारण: कॉम्प्युटर मागच्या स्थितीला न्यायचा झाला, तर माल आणि मालाची नोंद एकत्रच मागे गेली पाहिजे.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. एका पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फाइल्स असतात आणि त्यासोबत एक चिठ्ठी असते: नाव काय, आवृत्ती कोणती, चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतात.

आपल्या उपयोगाचं उदाहरण घेऊ. लिनक्सवर मराठी नीट दिसावं म्हणून अनेक जण 'लोहित देवनागरी' हा फॉन्ट टाकतात. हा मुक्त फॉन्ट रेड हॅट कंपनीने उपलब्ध करून दिला आणि कंपनीच्या पुण्यातल्या भाषा विभागातल्या अभियंत्यांनी तो अनेक वर्षं सांभाळला. उबंटूवर या फॉन्टचं पॅकेज इन्स्टॉल केलं की दोन गोष्टी होतात.

एक, फॉन्टची फाइल /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स च्या आत जाऊन बसते. हा झाला माल.

दोन, /व्हार/लिब/डीपीकेजी मधल्या 'स्टेटस' नावाच्या फाइलमध्ये या पॅकेजची नोंद होते आणि शेजारच्या 'इन्फो' फोल्डरात त्याच्या फाइल्सची यादी लिहिली जाते. ही झाली वही.

उद्या नवी आवृत्ती आली, तर पॅकेज मॅनेजर आधी वही बघतो. तुमच्याकडे जुनी आवृत्ती आहे हे त्याला वहीवरूनच कळतं. फॉन्ट काढायचा ठरला, तर कोणत्या फाइल्स पुसायच्या हेही वहीच सांगते. वही हरवली तरी फॉन्ट दिसत राहील, पण पॅकेज मॅनेजरच्या लेखी तो कॉम्प्युटरवर नाहीच. दुकानात माल भरलेला आहे, पण खतावणी हरवली, अशातली गत. गिऱ्हाईकाला काही कळत नाही, दुकानदाराचा धंदा मात्र अडतो.

सगळ्यात मोठा तोटा सुरक्षेचा. वही वाचता आली नाही तर अपडेट थांबतात. सापडलेल्या त्रुटी दुरुस्त होऊन आलेल्या असतात, पण त्या तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीत.

/यूएसआर आणि /व्हार: दोन खोल्या, दोन स्वभाव

लिनक्समध्ये फोल्डरांची मांडणी कशी असावी यासाठी एक मानक आहे, त्याला एफएचएस म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती वेगळ्या नावाने 1994 साली आली. 3.0 ही आवृत्ती 2015 ची.

या मानकानुसार /यूएसआर मध्ये प्रोग्राम, लायब्ररी, फॉन्ट अशा गोष्टी राहतात. रोजच्या वापरात त्या बदलत नाहीत. त्यामुळे हा भाग 'फक्त वाचण्यासाठी' ठेवता आला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. पूर्वी कॉलेजात किंवा ऑफिसात एकाच सर्व्हरवरचं /यूएसआर नेटवर्कवरून अनेक कॉम्प्युटर वापरायचे, त्या काळापासूनचा हा विचार.

/व्हार हा शब्द 'व्हेरिएबल' वरून आला, म्हणजे सतत बदलणारं. लॉग, प्रिंटरची रांग, वेबसाइटचा डेटाबेस, आलेले मेल हे सगळं इथे. त्यातही आणखी पोटविभाग आहेत:

- /व्हार/लॉग: काय घडलं त्याची रोजनिशी. जुनी झाली की पुसली जाते.
- /व्हार/कॅशे: पुन्हा मिळवता येईल असा साठा. पुसला तरी नुकसान नाही, फक्त पुन्हा डाउनलोड करावं लागतं.
- /व्हार/लिब: प्रोग्रामना लक्षात ठेवायची कायमची माहिती. ही पुसायची नसते.

आता सांगा, पॅकेजची वही कुठे जायला हवी? ती दर अपडेटला बदलते, म्हणून /व्हार. ती पुसायची नाही, म्हणून /व्हार/लिब. एफएचएसमध्येही पॅकेज मॅनेजरच्या फाइल्ससाठी /व्हार/लिब मध्येच जागा सांगितली आहे. अनेक वर्षं बहुतेकांनी हेच केलं.

कोणाची वही कुठे आहे?

- डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट: /व्हार/लिब/डीपीकेजी. 'स्टेटस' ही साधी मजकुराची फाइल आहे, उघडून वाचताही येते.
- बॉस लिनक्स: सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे, त्यामुळे तिची वहीसुद्धा डीपीकेजीचीच.
- आर्च लिनक्स: /व्हार/लिब/पॅकमन.
- जेंटू: /व्हार/डीबी/पीकेजी.
- स्लॅकवेअर: बरीच वर्षं ही वही /व्हार/लॉग मध्ये होती! 2022 साली आलेल्या 15.0 आवृत्तीत ती /व्हार/लिब/पीकेजीटूल्स मध्ये हलवली. लॉग हा पुसायचा फोल्डर असतो हे लक्षात घेतलं, तर हा बदल का हवा होता ते लगेच कळेल.
- ओपनसुसे आणि फेडोरा: पूर्वी /व्हार/लिब/आरपीएम, आता /यूएसआर/लिब/सिसइमेज/आरपीएम.

शेवटच्या ओळीतला बदल हा या लेखाचा खरा विषय.

मग जुन्या रीतीत अडचण काय आली?

अडचण आणली 'स्नॅपशॉट' ने. बीटीआरएफएस सारख्या नव्या फाइल सिस्टिममध्ये कॉम्प्युटरच्या आत्ताच्या स्थितीचा जणू फोटो काढून ठेवता येतो. अपडेट करून काही बिघडलं, तर कालच्या फोटोवर परत जायचं. याला रोलबॅक म्हणतात. काही मिनिटांत कॉम्प्युटर कालसारखा होतो.

पण रोलबॅक करताना सगळंच मागे नेऊन चालत नाही. /व्हार मध्ये लॉग असतात, डेटाबेस असतात. समजा सकाळी अपडेट केलं, दिवसभर एखाद्या दुकानाच्या सर्व्हरवर 50 बिलं नोंदली गेली आणि संध्याकाळी रोलबॅक केलं. /व्हार सुद्धा मागे गेलं तर ती 50 बिलं गायब! म्हणून ओपनसुसेने /व्हार हा भाग स्नॅपशॉटमधून वेगळा ठेवला.

आता पेच बघा. रोलबॅक केल्यावर /यूएसआर मधले प्रोग्राम कालचे झाले. पण पॅकेजची वही जर /व्हार मध्ये असेल, तर ती आजचीच राहिली. वही म्हणते 'ब्राउझरची नवी आवृत्ती आहे', डिस्कवर आहे जुनी. पॅकेज मॅनेजर वहीवर विश्वास ठेवतो आणि म्हणतो, 'अपडेटची गरज नाही.' जी सुरक्षा दुरुस्ती झाली असं तुम्हाला वाटतंय, ती प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर नाहीच.

सातबाऱ्याचं उदाहरण

हे गावाकडच्या माणसाला पटकन कळेल. शेत असतं शिवारात आणि त्याची नोंद असते सातबाऱ्यावर. जमिनीचा व्यवहार झाला की फेरफार होतो, मग सातबाऱ्यावर नवं नाव लागतं. कर्ज, पीकविमा, अनुदान, सगळं त्या उताऱ्यावर चालतं.

आता समजा व्यवहार रद्द झाला आणि शेत पुन्हा मूळ मालकाच्या ताब्यात गेलं, पण फेरफार झालाच नाही. शेत कसतोय एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. शेत खोटं नाही, कागदही बनावट नाही. पण दोघांचा मेळ नाही, म्हणून बँकेत गेल्यावर काम अडतं.

रोलबॅकनंतर लिनक्समध्ये नेमकं हेच होत होतं. माल मागे गेला, फेरफार राहिला.

याचा उपाय एकच: माल आणि नोंद अशा जागी ठेवायची की एक हलली की दुसरीही आपोआप हलेल.

ओपनसुसे आणि फेडोराने काय केलं?

ओपनसुसेने आरपीएमची वही /यूएसआर/लिब/सिसइमेज/आरपीएम मध्ये नेली. 'सिसइमेज' म्हणजे सिस्टिम इमेज, पूर्ण प्रणालीचं चित्र. वही आता प्रोग्रामच्या शेजारी असल्यामुळे स्नॅपशॉटमध्ये दोन्ही येतात आणि रोलबॅकमध्ये दोन्ही मागे जातात.

फेडोराच्या सिल्व्हरब्लू सारख्या प्रकारांत आणखी वेगळी गोष्ट आहे. तिथे पूर्ण /यूएसआर एक अखंड ठोकळा म्हणून येतं आणि बदलतं, तेही फक्त वाचण्यासाठी. त्यामुळे तिथे वही आधीपासूनच /यूएसआर/शेअर/आरपीएम मध्ये होती.

नेहमीच्या फेडोरामध्ये हा बदल मे 2022 मध्ये आलेल्या फेडोरा 36 मध्ये झाला. जुन्या जागी एक सिमलिंक ठेवली गेली. सिमलिंक म्हणजे 'दुकान शेजारच्या गाळ्यात हलवलं आहे' अशी पाटी. जुना एखादा प्रोग्राम /व्हार/लिब/आरपीएम मध्ये वही शोधायला गेला, तरी तो आपोआप नव्या जागी पोचतो.

त्याआधी फेडोरा 33 मध्ये, म्हणजे 2020 साली, वहीचा प्रकारही बदलला होता. पूर्वी आरपीएम बर्कली डीबी वापरायचं, आता एसक्यूलाइट वापरतं. तुमच्या मोबाइलमधली अनेक ॲप्सही एसक्यूलाइटच वापरतात. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करून पूर्वस्थितीला यायची सोय त्यात आहे.

पण /यूएसआर मध्ये लिहायचं नसतं ना?

हा आक्षेप रास्त आहे. /यूएसआर फक्त वाचण्यासाठी, मग दर अपडेटला बदलणारी वही तिथे कशी?

उत्तर असं: वही बदलते कधी? नवं पॅकेज आलं किंवा जुनं गेलं तेव्हाच. आणि तेव्हा /यूएसआर मधल्या फाइल्सही बदलतातच. म्हणजे /यूएसआर लिहिण्यासाठी उघडं असल्याशिवाय वहीत लिहायची वेळच येत नाही. लॉग दर मिनिटाला बदलतो, वही तशी नाही. ती प्रोग्रामांसोबत बदलते, त्यांच्यासोबत शांत राहते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पॅकेजच्या सगळ्याच फाइल्स /यूएसआर मध्ये नसतात. काही सेटिंग /ईटीसी मध्ये जातात, काही फोल्डर /व्हार मध्ये बनतात, बाहेरच्या कंपन्यांची पॅकेजेस /ऑप्ट मध्ये बसतात. मग फक्त /यूएसआर मागे नेलं तर या बाकीच्यांचा मेळ कसा बसणार? पूर्ण मेळ बसत नाही, हे खरं. पण प्रोग्रामांचा मोठा भाग /यूएसआर मध्येच असतो. फेडोराने 2012 साली आणि डेबियननेही नंतर /बिन, /लिब असे जुने फोल्डर /यूएसआर मध्ये विलीन केले, त्यामुळे हा भाग आणखी वाढला आहे.

तिसरा मुद्दा डेबियनवाल्यांचा प्रश्न म्हणून विचारता येईल: आमच्याकडे तर अजून /व्हार मध्येच आहे, मग आमचं चुकतंय का? नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर सगळं एकाच पार्टिशनवर असेल आणि स्नॅपशॉट पूर्ण डिस्कचा असेल, तर /व्हार आणि /यूएसआर एकत्रच मागे जातात. मेळ बिघडत नाही. अडचण तेव्हाच येते, जेव्हा या दोघांचे स्नॅपशॉट वेगवेगळे होतात.

मग नियम काय लक्षात ठेवायचा?

वही कोणत्या फोल्डरात आहे यापेक्षा ती कोणासोबत प्रवास करते हे महत्त्वाचं. फ्लॅटपॅकचं उदाहरण घ्या. त्याची ॲप्स आणि त्यांची माहिती दोन्ही /व्हार/लिब/फ्लॅटपॅक मध्ये असतात. /व्हार मध्ये असूनही तिथे ताटातूट होत नाही, कारण माल आणि नोंद एकाच घरात आहेत.

यावरून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात:

1. वही (काय इन्स्टॉल आहे): मालासोबत ठेवा. जपा.
2. बाजारातली यादी (काय उपलब्ध आहे): ही /व्हार मध्ये असली तरी चालते. गेली तर पुन्हा डाउनलोड होते.
3. डाउनलोड केलेली पॅकेजेस: ही /व्हार/कॅशे मध्ये. जागा कमी पडली तर पुसा.

अनेक जण डिस्क भरली की घाईत 1 आणि 3 मध्ये गल्लत करतात. /व्हार/कॅशे रिकामं करायचं असतं, ते /व्हार/लिब पुसून बसतात.

तुमच्या कॉम्प्युटरवर काय कराल?

अपडेट मध्येच तुटलं असेल तर: उबंटू, मिंट, बॉस यांवर टर्मिनल उघडून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड चालवा. अर्धवट राहिलेली कामं ती पूर्ण करते. सुरुवातीला सांगितलेल्या रनाळ्याच्या उदाहरणात बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

'स्टेटस' फाइल खराब झाली असेल तर: घाबरू नका. डेबियन आणि उबंटूमध्ये तिची आधीची प्रत 'स्टेटस-ओल्ड' नावाने शेजारीच असते आणि /व्हार/बॅकअप्स मध्ये मागच्या काही दिवसांच्या प्रती असतात. प्रत परत ठेवण्याआधी खराब फाइल पुसू नका, दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा.

फेडोरा किंवा ओपनसुसे असेल तर: 'सुडो आरपीएम --रीबिल्डडीबी' ही कमांड वही नव्याने बांधते. पण मूळ नोंदी शिल्लक असतील तरच. फोल्डरच पुसला असेल तर ही कमांड शून्यातून काही आणू शकत नाही.

वेगळं पार्टिशन करणार असाल तर: /व्हार वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचं आणि /यूएसआर चे स्नॅपशॉटही घ्यायचे, असा बेत असेल तर आधी तुमच्या डिस्ट्रोची वही कुठे आहे ते बघा. डेबियन प्रकारात ती /व्हार मध्ये आहे, म्हणून दोघांचा स्नॅपशॉट एकाच वेळी घ्या आणि मागेही एकत्रच न्या.

आपल्या हाताने वही हलवू नका: फेडोराने हलवली म्हणून आपणही उबंटूवर हलवावी, असं करू नका. पॅकेज मॅनेजर आणि त्यावर अवलंबून असलेली इतर साधनं वही ठरलेल्या जागीच शोधतात. जागा बदलायचा निर्णय डिस्ट्रो बनवणाऱ्यांचा.

एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा: /व्हार/बॅकअप्स मधल्या प्रती त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली तर त्याही गेल्या. महिन्यातून एकदा 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' चालवून येणारी यादी फाइलमध्ये साठवा आणि ती पेनड्राइव्हवर घ्या. नवीन डिस्क टाकल्यावर कोणतं सॉफ्टवेअर होतं ते आठवत बसावं लागणार नाही.

आणि शक्य असेल तर, लाईट जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात अपडेट लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना किंवा यूपीएसवरच चालवा. वही /व्हार मध्ये असो की /यूएसआर मध्ये, लिहिता लिहिता लाईट गेली की ओळ अर्धवट राहू शकते. जागा योग्य निवडली तर एवढंच होतं की ती वही आणि तिचा माल एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. बाकीची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.